चारही चाकं ओढतात तेव्हा

आमची वस्ती टेंभुर्णीच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत, शेतात आहे. मधली वाट काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक असते आणि पावसाळ्यात तिला वाट म्हणावं की नाही असा प्रश्न पडतो. मध्ये एक ओढा आहे. पाणी फार नसतं, पण दोन्ही काठांचे उतार इतके चिकट होतात की चप्पल तिथेच राहते आणि माणूस पुढे जातो. आम्ही लहानपणापासून चपला हातात घेऊन ती वाट चाललो, म्हणून आम्हाला तिचं विशेष काही वाटत नव्हतं. ताई लग्न होऊन परतूरला गेली, आणि मग बाहेरच्या माणसांनी त्या वाटेकडे पाहिलं.

होळीच्या सुमारास ताईला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्याकडे ठरलेलंच असतं, त्यात विचारायचं काही नसतं. वडील, माय आणि मी पेढे घेऊन परतूरला गेलो. ताईच्या सासूबाईंनी चहा दिला, पेढा अर्धा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाल्या,

"पोरगी तुमची हाय, मी न्हाई म्हणणारी कोण? पण दिवस भरतेत ऐन पोळ्याच्या टायमाला. कळा सुरू झाल्या तर त्या चिखलातून नेताल कशी?"

वडील म्हणाले, "शेजाऱ्याचं ट्रॅक्टर हाय की, इहीणबाई."

"ट्रॉलीत सोयाबीन नेतेत. सून न्हाई."

वडिलांनी कप खाली ठेवला. परतूरला दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या बाईंचं म्हणणं बरोबर होतं, आणि अवघड तेच होतं. आम्ही निघालो तेव्हा ताई मला पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मला घरी यायचंय रे." एवढंच. लग्नात ती रडली नव्हती. त्या दिवशीही रडली नाही, पण तिनं ग्लास माझ्या हातात दिला तो अर्ध्यावर सांडलेला होता.

परतीच्या रेल्वेत वडील खिडकीतून बाहेर बघत होते. जालना जवळ आलं तेव्हा एकदम म्हणाले, "जीप चालू झाली तर?"

जीप माझ्या थोरल्या चुलत्यांची. त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो. सरकारी लिलावातून त्यांनी ती आणली होती. गिअरच्या शेजारी आणखी एक छोटा दांडा असलेली, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी. ते वारले आणि जीप पत्र्याखाली उभी राहिली. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या. वडिलांचा डावा पाय विहीर खोदताना दगडाखाली आला होता, तेव्हापासून घोटा वाकत नाही, म्हणून क्लच दाबता येत नाही. मला शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून थोडं चालवता यायचं, पण मी जालन्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, जुन्या जालन्यात एका खोलीत राहणारा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे शनिवारचं शेवटचं लेक्चर बुडवायचीसुद्धा मला हिंमत होत नसे. म्हणजे जीपला आम्ही देऊ शकत होतो ते फक्त शनिवार दुपार आणि रविवार.

इंजिन जाम होतं. वडिलांनी इंजिनात डिझेल फवारणारी नोझल काढून त्या भोकांतून तेल ओतलं, आणि रविवारी मी निघालो तेव्हा म्हणाले, "आता आठवडाभर मुरू दे." मला तो आठवडा अजून आठवतो. वर्गात फळ्यावर काहीतरी चाललेलं असायचं आणि माझ्या डोक्यात त्या काळ्या लोखंडाच्या आत तेल हळूहळू उतरत असायचं. संध्याकाळी फोन करायचो.

"हललं का?"

"मुरून राह्यलं. लोणचं घातल्यावर रोज बरणी उघडतेत का?"

पुढच्या शनिवारी आम्ही पुढच्या पुलीला लांब पाना लावला. वडिलांनी जोर दिला, मी दिला. काही नाही. मग दोघांनी मिळून दिला आणि आतून एक आवाज आला, बारीक, कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा. पाना बोटभर खाली गेला. वडील माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं आम्ही दोघंही थोडे घाबरलो होतो. इतकी वर्षं मेलेली समजलेली वस्तू हातात हलली की आनंद नंतर होतो.

इंजिन सुरू व्हायला त्यानंतरही बरेच रविवार गेले. ट्रॅक्टरची बॅटरी लावून ते सुरू झालं तेव्हा पांढऱ्या धुरानं गोठा भरला आणि कोंबड्या ज्वारीच्या रानात पळाल्या. मग ब्रेक. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला आम्हाला तीन माणसं लागत होती. एकानं आत बसून पायानं ब्रेक मारायचा आणि दुसऱ्यानं चाकापाशी नट सैल करून हवा सोडायची, तिसऱ्यानं बाहेर येणारं तेल नळीनं बाटलीत धरायचं. वडील चाकाखाली, मी दुसऱ्या बाजूला नळी धरून. मायला हाक मारली.

माय आली, पण आत बसेना. "ती जागा भाऊजींची," म्हणाली. मोठे बाबा तिचे थोरले दीर. ते असताना ती त्यांच्यासमोर कधी खाटेवर बसली नव्हती. ते गेल्यानंतर त्यांच्या सीटवर कशी बसणार? वडील गाडीखालून ओरडले, "अगं, भाऊ काय बघायला येतो का आता?" ती तरी आत चढली नाही. बाहेर उभी राहून दारातून आत वाकली आणि दोन्ही हातांनी ब्रेकचं पेडल दाबायला लागली. सगळ्या चाकांचं काम तिनं तसंच, हातांनी केलं.

वैशाखात अवकाळी पाऊस झाला. वाट ओली झाली आणि मला वाटलं, आता बघू. मी जीप ओढ्यात घातली, तो छोटा दांडा पुढे ढकलला आणि अॅक्सिलरेटर दिला. मागची चाकं गरगर फिरली, चिखल वडिलांच्या सदऱ्यावर उडाला आणि गाडी होती तिथेच खाली बसली. पुढची चाकं जागची हलली नव्हती. मी परत परत दांडा मागेपुढे केला. मग चिखलातच आडवा होऊन खाली बघितलं. गिअर बॉक्सपासून मागच्या चाकांकडे एक जाड लोखंडी शाफ्ट जात होता. तसाच एक पुढच्या चाकांकडे जायला हवा होता. तिथे नुसती मोकळी जागा होती.

"बाबा, पुढचा शाफ्टच न्हाई."

वडील काठावर उभे होते. दोन पावलं खाली उतरले. मग कपाळावर हात मारला. "आरं देवा. भाऊनं काढला होता त्यो. तवा सगळेच काढायचे, डिझेल कमी खाते म्हणून."

"मंग मोठे बाबा ओढ्यात उतरताना तो दांडा ढकलायचे ते?"

"रुबाब होता त्यो. लोकं बघायची ना."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. लहानपणी मी मागे बसून त्यांचा हात त्या दांड्यावर जाताना श्वास रोखून बघायचो.

"आता कुठं हाय?"

वडिलांना आठवेना. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं जीप ओढून वर काढली. आम्ही माळा बघितला, विहिरीवरची मोटारीची खोली बघितली. मायनं चुलीपुढून विचारलं, काय शोधता? वडिलांनी हातानं लांबी दाखवली, दोन्ही टोकांना असं असं असतं म्हणाले. माय म्हणाली, "मंग म्हैस कशाला बांधलीय?"

आम्ही तिघंही गोठ्यात गेलो. म्हैस दर महिन्याला लाकडी खुंटा उपटायची, म्हणून मोठ्या बाबांनी तो शाफ्ट अर्धा जमिनीत पुरून तिला बांधली होती. ती म्हैस गेली, तिची पारडी मोठी झाली, तीही तिथेच बांधली जायची. शेणानं सारवलेला, दाव्याच्या घासण्यानं एका जागी आरशासारखा चमकणारा तो शाफ्ट मी रोज बघितला होता. वडिलांनी पहार घेतली. म्हशीला दुसरीकडे बांधलं तर ती संध्याकाळपर्यंत त्या खड्ड्याकडे तोंड करून उभी होती.

शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे ज्यांच्यामुळे तो वाकूनही फिरू शकतो ते जोड, गंजून घट्ट झाले होते. दांडा सरळ आहे की नाही तेही तपासायला हवं होतं. सोमवारी पहाटे मी तो पोत्यात गुंडाळून एसटीत चढलो. कंडक्टरनं पायानं पोतं ढकलून बघितलं.

"तोफ का काय?"

"शाफ्ट आहे. जीपचा."

"मंग जीपनंच न्यायचा की!" मागची माणसं हसली. मी खिडकीकडे बघत राहिलो, पण पोत्यावरचा हात काढला नाही.

कॉलेज सुटल्यावर लोखंड कातणाऱ्या लेथवाल्याकडे गेलो. त्यानं शाफ्ट मशिनला लावून फिरवला आणि वाकून बघितलं. "बिलकुल सीधा है. कहाँ रखा था?"

"म्हैस बांधली होती त्याला."

तो मशिन बंद करून हसला. "फिर तो भैंस ने तुमसे अच्छा संभाला." त्यानं जुने क्रॉस ठोकून काढले आणि नवे बसवले. खोलीवर नेऊन मी तो शाफ्ट एका हातानं धरला आणि दुसऱ्या हातानं टोक वाकवलं. एक टोक एकीकडे बघतंय, दुसरं दुसरीकडे, आणि तरी एक फिरवलं की दुसरं फिरतं. मी ते किती वेळ करत बसलो कुणास ठाऊक. पुस्तकात हे मी वाचलं होतं आणि परीक्षेत आकृतीही काढली होती. पण आकृती काढताना माझ्या अंगावर काटा आला नव्हता.

शनिवारी आम्ही शाफ्ट बसवला आणि जीप चारही बाजूंनी ओंडक्यांवर उचलली. सगळी चाकं हवेत. वडिलांनी मागचं एक चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं, नाहीतर तेच उलटं फिरत राहतं. मी गिअर मोकळा ठेवून छोटा दांडा पुढे ढकलला आणि मागचं दुसरं चाक हातानं फिरवलं. जड गेलं. गाडीच्या पोटाखाली काहीतरी कुरकुरलं. आणि तिकडे पुढे, कुणी जवळ नसताना, पुढचं चाक सावकाश फिरायला लागलं.

माय धान्य निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं. "त्याला कोण हात लावून राह्यलं?"

"कुणी न्हाई."

ती उठून आली. चाकाच्या पुढे बघितलं, मागे बघितलं. मी फिरवणं थांबवलं, ते थांबलं. परत फिरवलं, परत फिरलं. तिनं त्या चाकावर तळहात टेकवला आणि ते हाताखालून सरकू दिलं. तिच्या तोंडावर जे होतं ते मी देवळात बघितलं आहे, दुसरीकडे नाही. मला वाटतं माझ्याही तोंडावर तेच असेल. माझ्या हातातला जोर गाडीच्या पोटातून जाऊन तिच्या हाताला लागत होता.

ज्येष्ठात पाऊस सुरू झाल्यावर मी त्या ओढ्यातून जीप काढून दाखवली. वडिलांनी त्याच दिवशी परतूरला फोन लावला, स्पीकरवर.

"इहीणबाई, गाडी तयार हाय. चिखलातून बराबर निघती."

"कोण चालवणार?"

"पोरगं."

"त्यो तर जालन्याला शिकतो ना? लेकरू काय शनिवार-रविवार बघून येतं का?"

वडिलांनी फोन ठेवला. इतके रविवार आम्ही गाडीच्या मागे होतो आणि ही साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. मी म्हणालो, "मी राहतो घरी. एक सेमिस्टर गेलं तर गेलं." मी ते मनापासून म्हणालो होतो.

"गप," माय म्हणाली. "परत म्हणू नको." मग तिनं पत्र्याखालच्या जीपकडे बघितलं. "घरापासून डांबरीपर्यंतच न्यायची ना? पुढं रिक्षा येती टेंभुर्णीची. तेवढं मी शिकते."

वडील म्हणाले, "तू?"

"मंग कोण, म्हैस?"

"अन लायसन?"

"आमच्या चिखलात कोणता पोलीस येतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चपला बाहेर काढल्या, पदर खोचला, दारापाशी उभी राहून सीटकडे बघून हात जोडले आणि पुटपुटली, "भाऊजी, पोरीसाठी बसते." मग चढली. उंची कमी पडली म्हणून खाली गोधडीची घडी घातली. छोट्या दांड्याच्या सगळ्यात खालच्या गिअरमध्ये ती जीप अॅक्सिलरेटर न देताही चालते, माणसाच्या चालीनं. मी तिला तेवढंच शिकवलं. क्लच दाब, सोड, आणि मग पाय लावूच नको.

वडील शेजारी बसून ओरडत होते. डावीकडं, अगं डावीकडं, बांध आला! माय गाडी थांबवून म्हणाली, "तुमी उतरा खाली. म्हशीवरबी इतकं वरडत न्हाईत." ते उतरले. बिनपेरलेल्या तुकड्यात ती एकटी फिरत राहिली. पुढच्या शनिवारी आलो तर ती ओढ्याच्या काठापर्यंत जात होती. त्याच्या पुढच्या शनिवारी काठ उतरून अलीकडेच परतत होती. पलीकडे कधी गेलीस का, विचारलं तर म्हणायची, "जाईन. लागंल तवा."

आषाढ लागता लागता ताईचा सातवा सरत आला. सासूबाईंनी निरोप दिला, घेऊन येते, पण डांबरीवर उभी राहून बघणार. नाही जमलं तर त्याच रिक्षानं परत. मी जालना स्टेशनवर त्यांना उतरवून घेतलं, एसटीनं टेंभुर्णी, तिथून रिक्षा. चार दिवस झड लागलेली होती. आमच्या वाटेच्या तोंडाशी रिक्षा उभी राहिली तेव्हा पाऊस थांबला होता, पण वाट म्हणून जे समोर होतं ते बघून रिक्षावाला म्हणाला, "मावशी, मी थांबतो हितंच."

"थांबच," सासूबाई म्हणाल्या.

मी फोन केला. वडील ओढ्याच्या काठावर जाऊन उभे राहिलेले दिसले. मग बांधावरच्या झुडपांच्या वरून जीपचा ताडपत्रीचा टप दिसायला लागला. इतका सावकाश, की आधी हलतोय की नाही तेच कळेना. ताईनं माझं मनगट धरलं. टप ओढ्याच्या त्या काठाशी आला, पुढे झुकला आणि दिसेनासा झाला.

आवाज येत होता. मग तो जड झाला. मग एका सुरात अडकला. वडील हात वर करून काहीतरी दाखवत होते, मग त्यांनी हात खाली घेतला. आवाज तसाच. मला धावत जावंसं वाटत होतं, पण ताईच्या हातातून मनगट सोडवता येईना.

"बसली," रिक्षावाला म्हणाला.

"तू गप रे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे ओढ्यावर होते.

आणि तेवढ्यात अलीकडच्या काठावर आधी बोनेट आलं, आभाळाकडे तोंड करून, मग पुढची दोन चाकं. ती फिरत होती. घसरत नव्हती, उडवत नव्हती, चिखलाचे थर अंगावर घेऊन एकेक इंच जमीन पकडत वर येत होती, आणि मागची दोन त्यांच्याबरोबर. मी ती गाडी पुन्हा पुन्हा उघडली होती, तिच्या आतलं प्रत्येक दातेरी चाक मला माहीत होतं असं मला वाटत होतं. तरीही ते बघताना मला एवढंच वाटलं की हे होऊ शकत नाही, आणि हे होतंय. काचेमागे माय दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, ओठ मिटून, समोर बघत होती.

ती डांबरीच्या कडेला आली, गाडी वळवून परत वाटेकडे तोंड केलं आणि मगच आमच्याकडे बघितलं. इंजिन बंद केलं नाही. "या, इहीणबाई," म्हणाली, जणू घराच्या दारातूनच.

सासूबाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. चाकांवरच्या चिखलाकडे वाकून बघितलं. "चारीबी फिरतेत?"

"चारीबी."

"मी जाऊन सांगितलं तरी आमच्या घरी कुणाला पटायचं न्हाई." मग रिक्षावाल्याकडे वळल्या. "जाय बाबा तू. थांबू नको." आणि ताईला म्हणाल्या, "चढ. हळू. मी तुझ्यापाशी बसते मागं, दोन दिस ऱ्हाते. बघते तुझ्या मायचं आणखी काय काय चालतंय."

ताई चढली. पुढच्या सीटवर तिच्या पिशव्या आणि डबे ठेवले, तेव्हा मला जागा उरली नाही. मी चपला हातात घेतल्या आणि मागून चालत निघालो. जीप माणसाच्या चालीनं जात होती, तरी चिखलात मला तिला गाठायला जड जात होतं. मागच्या ताडपत्रीतून ताईनं डोकं बाहेर काढलं.

"काय रे, ढकलायला आलास का?"

"न्हाई," मी म्हणालो. "बघायला."